टिपणीसांचं उद्दिष्ट

टिपणीसांच्या दाराची बेल वाजवली की दार चार बोटं उघडायचं, साखळी ताणली जायची, फटीत चष्म्याची एक काच दिसायची आणि आतून प्रश्न यायचा, "उद्दिष्ट?"

"कोण आहे", "या", "बसा" हे सगळं नंतर. आधी उद्दिष्ट. इस्त्रीवाला बिचारा म्हणायचा, "साब, कपडा." त्यावर टिपणीस म्हणायचे, "कपडा तो वस्तू हुआ. उद्दिष्ट बोलो." मी बरोबर त्यांच्या खालच्या मजल्यावर राहायचो, तेव्हा मला थोडी सवलत असेल असं वाटे. नव्हती. "चहा प्यायला आलो," म्हटलं की उत्तर यायचं, "चहा हे साधन झालं." मग "तुमच्याशी गप्पा मारायला आलो" असं कबूल केल्यावर साखळी निघायची. विजेचं मीटर वाचायला येणाऱ्या माणसाने एकदा वैतागून "पोट!" असं उत्तर दिलं. ते टिपणीसांना इतकं आवडलं की त्यांनी त्याला आत बोलावून पोहे खायला घातले.

टिपणीसांच्या पत्नी, कुमुदवहिनी, होत्या तेव्हा हेच दार दिवसभर सताड उघडं असायचं. त्या गेल्या आणि साखळी आली. पण तेव्हा आम्ही कोणी या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध लावला नाही. म्हातारपणी माणसं विक्षिप्त होतात, एवढंच म्हटलं.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातल्या वाशीतली. रस्ते भरपूर रुंद आणि त्यांवरून चालायला माणसं नाहीत, असे ते दिवस होते. आमची बिल्डिंग एकटीच उभी होती. पलीकडे गाव, त्याच्या पलीकडे खाडी. आम्ही पुलावरून बसने मुंबईत नोकरीला जायचो आणि संध्याकाळी परत येऊन पाणी आलं का ते विचारायचो. टिपणीस मात्र इथलेच चाकरमानी होते. तुर्भ्याच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात ते ट्रेनिंग ऑफिसर होते. पुढे कारखान्याने ट्रेनिंगचा विभागच गुंडाळला आणि टिपणीसांना घरी बसवलं. येताना त्यांनी तिथला तीन पायांचा लाकडी स्टँड, चार्टपेपरचं भेंडोळं आणि लाल स्केचपेनांचा डबा मागून आणला. आठवड्याभरात दारावर पाटी लागली: "द. के. टिपणीस, प्रशिक्षण सल्लागार. जुन्या संस्थांसाठी व्यवसाय व नेतृत्व वर्ग."

"जुन्याच का?" मी विचारलं.

"कारखाने काय, मशीनच्या जोरावर चालतात. मॅनेजमेंटची खरी गरज भजनी मंडळ, वाचनालय, तालीम, देवस्थान यांना. पिढ्यान्‌पिढ्या चालल्यात या संस्था."

"चालल्यात ना? मग झालं तर."

"तेच तर!" टिपणीस खुर्चीतून अर्धे उठले. "कशा चालल्यात ते कोणालाच माहीत नाही!"

पहिलं गिऱ्हाईक म्हणून त्यांनी पलीकडच्या सेक्टरातलं एक भजनी मंडळ पकडलं. अभंग ऐन रंगात आला असताना हे उठले आणि हात वर करून म्हणाले, "इथे थांबू. आतापर्यंत काय साधलं, त्याचा आढावा घेऊ." मंडळाचे बुवा सज्जन होते. त्यांनी टिपणीसांच्या हातात टाळ दिले. दोन्ही हात गुंतल्यामुळे भजन संपेपर्यंत पुढचा आढावा घेता आला नाही. घरी येताना ते मला म्हणाले, "नोंद घ्या. बुवांकडे नेतृत्वगुण आहेत."

नोंद घ्यायला मी असायचो. शनिवार-रविवार मी त्यांचा मानद सहायक होतो, म्हणजे स्टँड उचलायचो.

मग एके दिवशी त्यांना गावाची खबर लागली. गावदेवीची पालखी दोन वर्षं देवळाबाहेर निघाली नव्हती. पालखीला दोन दांड्या आणि चार खांदे. त्यातले पुढचे दोन खांदे मानाचे. ते वरच्या आळीचे, असं वरच्या आळीचे बाळाराम भोईर म्हणत. यापुढे खालच्या आळीचे, असं खालच्या आळीचे दामोदर पाटील म्हणत. नव्या शहरासाठी जमिनी गेल्यापासून गावात माणसांचं डोकं तसंही तापलेलं असे. बोलण्याबोलण्यात दोघांनी हट्टच धरला, आणि दोन चैत्र देवी जागच्या जागी बसून राहिली.

टिपणीसांचे डोळे चमकले. "नेतृत्वाचा पेच! शुद्ध नेतृत्वाचा पेच! यंदा पालखी निघाली पाहिजे. निघाली नाही तर ही पाटी उतरवीन मी."

"अहो, पाटी कशाला? भजनी मंडळानंतर नाही उतरवलीत ती?"

"हे वेगळं आहे," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. का वेगळं आहे, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

गावाने त्यांना आत कसं घेतलं, याचं श्रेय चंद्राबाईंना. या बाळारामच्या आत्या. रोज सकाळी डोक्यावर पाटी घेऊन आमच्या बिल्डिंगीत मासळी विकायला यायच्या. साखळीआडून "उद्दिष्ट?" आल्यावर घाबरला नाही असा हा एकच प्राणी. "निवटी हायेत, ताजी. घ्याची तर घ्या, नाय तर दार लावा, वारा येतंय," असं त्या म्हणत आणि टिपणीस घेत. निवटी, म्हणजे खाडीच्या चिखलातले मासे, साफ कसे करायचे ते त्यांना येत नव्हतं. चंद्राबाईच चौकटीत बसून करून द्यायच्या. त्यांनी गावात जाऊन सांगितलं, "सायेब बोलतो लय, पन मानूस खोटा नाय. ऐका त्याचा. तुमी काय असा मोठा काम करताव?"

पहिला वर्ग देवळाच्या मंडपात भरला. स्टँड उभा राहिला. टिपणीसांनी कागदावर चौकोन काढायला सुरुवात केली. सर्वांत वरच्या चौकोनात कोण, यावर एकमत झालं: देवी. तेवढ्याने टिपणीसांचं समाधान होईना.

"देवी कोणाला रिपोर्ट करते?"

पाटील भोईरांकडे बघू लागले. दोन वर्षांत पहिल्यांदाच बघितलं असावं.

"तिला कोन इचारनार सायेब?" मागून चंद्राबाई म्हणाल्या. "तीच आपल्याला इचारते."

टिपणीसांनी जरा विचार केला आणि देवीच्या चौकोनातून वर एक तुटक रेघ काढून सोडून दिली.

मग कामांची वाटणी. नारळ कोण फोडतं, पेट्रोमॅक्स कोण धरतं, वाट कोण मोकळी करतं. प्रत्येक कामापुढे एक नाव, हा टिपणीसांचा हट्ट. पालखी दारोदार जाते तेव्हा देवीची ओटी भरली जाते, तिथे गाडी अडली.

"ओटी कोण भरतं?"

"घरातली बाय," पाटील म्हणाले.

"आणि घरात बाई नसेल तर?"

"मंग जो असंल तो. बाप्या भरंल, नाय तर पोर भरंल. आई काय परत जाते का?"

टिपणीसांनी पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा विचारलं, "म्हणजे अगदी बाईच पाहिजे असं नाही?"

"आवो, नाय बोललो ना."

त्यांनी लाल पेनाचं टोपण काढलं. मग एकदम करड्या आवाजात म्हणाले, "नाही. असं मोघम चालणार नाही. सोयीसोयीने अपवाद काढले की संस्था बुडते." आणि लाल अक्षरांत लिहिलं: "ओटी घरच्या बाईनेच भरावी. अपवाद नाही." गावाने मान डोलावली. एव्हाना चहा येण्याची वेळ झाली होती.

दुसऱ्या वर्गात विश्वासाचा खेळ झाला. कारखान्यात हा फार यशस्वी व्हायचा म्हणे. एकाचे डोळे बांधायचे आणि दुसऱ्याने त्याला हात धरून चालवायचं. टिपणीसांनी भोईरांचे डोळे बांधले आणि हात दिला पाटलांच्या हातात. पाटलांनी अतिशय विश्वासाने भोईरांना खाडीवर नेलं आणि गुडघाभर चिखलात सोडून दिलं. पुढचा अर्धा तास पाटील पुढे आणि चिखलाने माखलेले भोईर मागे, अशी गावाला प्रदक्षिणा झाली. बायका दारात येऊन तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"नोंद घ्या," टिपणीस मला म्हणाले. "संवाद वाढतोय."

जत्रा जवळ आली तरी पुढच्या खांद्यांचा प्रश्न होता तिथेच होता. टिपणीसांची झोप उडाली. आमच्या छतावर त्यांच्या येरझाऱ्या ऐकू यायच्या. शेवटी त्यांनी रंगीत तालीम जाहीर केली. पण देवीची पालखी जत्रेशिवाय हलवत नाहीत. मग टिपणीसांनी स्वतःची वेताची आरामखुर्ची नेली आणि तिला दोन बांबू बांधून घेतले.

"आनि वजन?" भोईरांनी विचारलं. "रिकामी खुर्ची काय, कोन पन उचलंल."

टिपणीसांनी इकडेतिकडे पाहिलं, चष्मा काढून माझ्या खिशात ठेवला आणि खुर्चीत जाऊन बसले. "उचला."

टिपणीसांना खांदा देण्यात कोणाला मान वाटणार? "तुमी व्हा पुडं." "छे छे, तुमचा मान." दोन वर्षं ज्या जागेसाठी डोकी फुटायची वेळ आली होती, ती जागा दोन्ही आळ्या एकमेकांना आग्रहाने देऊ लागल्या. अखेर वरच्या आळीतले दोघे पुढे लागले. एक उंच, एक बुटका. खुर्ची डावीकडे कलली आणि टिपणीस हात्याला लोंबकळले. खालच्या आळीतले दोघे आले. खुर्ची उजवीकडे कलली. "अरं, सायेब कलंडला!" म्हणून पोरं टाळ्या पिटू लागली. टिपणीस वरून सूचना देत होते, "समन्वय! समन्वय!" आणि एक चप्पल खाली पडली.

शेवटी चंद्राबाईंनीच डाव्या बांबूखाली बाळारामला उभं केलं आणि उजव्याखाली पाटलांना. दोघं एका उंचीचे, एका चालीचे. एकाच खाडीत पोहून वाढलेले. खुर्ची ओळंब्यात आली. टिपणीसांना घेऊन ते दोघं मुकाट्याने देवळाला वळसा घालून आले आणि त्यांना इतक्या अलगद उतरवलं की टिपणीसांना उतरल्याचं कळलंच नाही.

"सायबाला सरळ नेलाव," चंद्राबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आनि आईला वाकडी न्याल? आता तोंड उगडू नका दोगंपन."

एक खांदा वरच्या आळीचा, एक खालच्या आळीचा, असं ठरून गेलं. टिपणीसांनी तीन पायांच्या स्टँडला टेकून डोळे पुसले. धूळ गेली म्हणाले.

त्यानंतरच्या रविवारी पालखीच्या मार्गाचा नकाशा आला. टिपणीसांनी तो घरून काढून आणला होता. देऊळ, वरची आळी, खालची आळी, शिवेवरचा शेंदूर लावलेला दगड, आणि परत. हे सगळं लाल स्केचपेनाने होतं. पण शिवेच्या दगडापाशी एक बारीक वळसा शिसपेन्सिलीने काढलेला होता. तो शीव ओलांडून, रस्ता ओलांडून आमच्या बिल्डिंगच्या गेटापर्यंत येऊन परत फिरत होता.

भोईर वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "ह्यो काय?"

"सुचवलंय फक्त," टिपणीस म्हणाले.

"तुमची बिल्डिंग हाय ना, तिथं आमचा भात व्हायचा सायेब. आता आमचं काय हाय तिथं? आई शीव वलांडत नाय."

टिपणीस म्हणजे स्वल्पविरामावरून तासभर वाद घालणारा माणूस. मी सरसावून बसलो. पण टिपणीसांनी खिशातून खोडरबर काढलं आणि वळसा पुसून टाकला. "बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "उद्दिष्टात बसत नाही ते."

घरी येऊन मी हा किस्सा बायकोला रंगवून सांगितला. टिपणीसांचा लोभ बघ, देवीलासुद्धा बिल्डिंगला भेट द्यायला लावत होते. ती हसली नाही. लसूण सोलता सोलता तिचा हात थांबला.

"तुम्हाला आठवत नाही?" ती म्हणाली. "आपण सगळे राहायला आलो त्या पहिल्या वर्षी जत्रा होती. ढोल वाजायला लागले तशा कुमुदवहिनी ताट घेऊन गेटावर जाऊन उभ्या राहिल्या. हिरवा खण, नारळ, तांदूळ, सगळं. आपल्याकडे गावदेवी प्रत्येक दारी येते म्हणत होत्या. त्यांच्या माहेरी तशी यायची. पालखी त्या दगडापर्यंत आली आणि वळली. वहिनींनी खण घडी करून ठेवला. पुढच्या वर्षी येईल म्हणाल्या."

पुढच्या वर्षी वहिनीच नव्हत्या. आणि त्यानंतर पालखी निघाली नाही. मला सगळं एकदम कळलं आणि स्वतःच्या हसण्याची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी मांदेली घेताना माझी बायको चंद्राबाईंशी जिन्यात बराच वेळ बोलत बसली. काय बोलली ते मी विचारलं नाही.

जत्रेच्या दिवशी टिपणीस गावात आलेच नाहीत. "प्रत्यक्ष कामाच्या वेळी प्रशिक्षकाने लांब राहावं," असं म्हणून त्यांनी घड्याळ माझ्या हातात दिलं आणि दार लावून घेतलं. संध्याकाळी पालखी निघाली. पुढे भोईर आणि पाटील, खांद्याला खांदा. देवी ओळंब्यात होती. दोन वर्षांचे थकलेले नारळ फुटत होते, गुलाल उडत होता आणि वरच्या आळीतल्या बायका खालच्या आळीत फुगड्या घालत होत्या. मी घड्याळात बघायचं विसरून गेलो.

पालखी शिवेच्या दगडाशी आली. ढोल थांबले. चंद्राबाई पुढे झाल्या, दगडावर हळदकुंकू वाहिलं आणि भाच्याकडे नुसतं बघितलं. भोईरांनी पाटलांकडे बघितलं. मग दोघांनी मिळून पाय उचलला तो शिवेपलीकडे टाकला.

मी धावत सुटलो. जिना चढून वर गेलो आणि बेल दाबायला हात उचलला, तर दार सताड उघडं होतं. साखळी नुसती लोंबत होती. टिपणीस समोरच खुर्चीत बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. मांडीवर ताट होतं. नारळ, तांदूळ, आणि घड्या पडून मधोमध रंग उडालेला हिरवा खण.

"मार्गात नव्हतं हे," ते खिडकीकडे बोट करून म्हणाले. "शिस्त मोडली त्यांनी."

"चला खाली."

"मी कसा येणार? घरात बाई नाही. नियम मीच लिहिलाय." त्यांनी ताट माझ्यापुढे धरलं. "तुमची मिसेस असेल तर हे त्यांच्याकडे द्या. अपवाद नाही."

पहिल्या वर्गातल्या त्या हट्टाचं कारण आता मला कळलं. अपवादाचा फायदा एकट्या त्यांच्याच घराला होणार होता, म्हणूनच त्यांना तो लिहिता आला नव्हता. मी त्यांना दंडाला धरून उठवलं. ते अनवाणीच उतरले.

गेटावर सगळं गाव उभं होतं. बिल्डिंगमधले लोक गॅलरीत आले होते. टिपणीस ताट घेऊन पालखीपासून चार हातांवर थबकले आणि माझ्या बायकोकडे बघू लागले. ती पुढे झाली, तशी चंद्राबाईंनी तिचा हात धरला.

"तुमीच भरा सायेब."

"पण तो नियम... मी लिहून दिला होता."

"त्यो कागद? त्याच्यात मी परवा बोंबील बांदून दिलं."

सगळा जमाव हसला. भोईर हसले, पाटील हसले, त्यामुळे पालखीही थोडी हलली. टिपणीस हसायच्या बेतात होते, पण त्यांना ते जमलं नाही. चंद्राबाई त्यांच्या जवळ गेल्या आणि बारीक डोळे करून, अगदी त्यांच्याच थाटात म्हणाल्या, "आता सांगा. उद्दिष्ट काय?"

ज्याने वाशीतल्या एकूण एक माणसाला हा प्रश्न विचारला होता, तो माणूस ताटातला खण सारखा करू लागला. ढोलवाल्यांनी टिपऱ्या खाली केल्या.

"कुमुदची ओटी राहिली होती," टिपणीस म्हणाले.

भोईर आणि पाटलांनी एकाच वेळी दांड्या खांद्यावरून खाली घेतल्या, टिपणीसांचा हात पोचेल एवढ्या. टिपणीसांनी खण ठेवला, नारळ ठेवला. तांदूळ किती घालायचे ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी वर पाहिलं, पण या वेळी कोणीच त्यांना काही शिकवलं नाही. मग त्यांनी ताटातले सगळेच तांदूळ दोन्ही हातांनी घातले.